रडू नका, त्या वर आहेत

आमच्या कचेरीच्या सहा मजली इमारतीत एकच लिफ्ट होती आणि ती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे लिफ्टमामा म्हणत. लिफ्ट जुन्या पद्धतीची. जाळीचं सरकतं दार, पितळी दांडा, कोपऱ्यात उंच स्टूल. दांडा एका बाजूला लोटला की वर, दुसऱ्या बाजूला लोटला की खाली. पण मजल्याशी बरोबर थांबणं हे मात्र मनगटाचं काम. एकोणतीस वर्षांत मामांची लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वरखाली थांबली, असं झालं नाही. त्या कचेरीत अचूक म्हणावं असं तेवढं एकच काम चाले.

माणूस आत आला की मामा विचारत, "वर?" उत्तर बहुधा "वर" असंच येई, कारण खाली उतरणारे जिना वापरत. घरी जायचं असलं की लोकांना लिफ्टची वाट पाहवत नाही.

चर्चमध्ये मामांकडे आणखी एक काम होतं, तेही कुणी न नेमलेलं. मंडळीत कुणाकडे मयत झाली की पाळकांच्या आधी मामा पोचत. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "रडू नका, त्या वर आहेत." गेलेला पुरुष असला तर "ते". वाक्याबरोबर उजव्या हाताचं बोट वर जाई. ते श्रद्धेने जाई की नोकरीच्या सवयीने, हे खुद्द मामांनाही सांगता आलं नसतं. लोकांना त्याने धीर येई, निदान ते तसं म्हणत. दुःखातला माणूस फार वाद घालत नाही. मामांचा मात्र त्यावर पुरता विश्वास होता. गेलेले प्रभूपाशी आहेत, एक दिवस सगळे उठणार आहेत, मग रडायचं कशाला? रडणं म्हणजे देवाच्या शब्दावर शंका घेणं, असा त्यांचा सरळ न्याय.

मामी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करत. त्यांची जीभही सुईसारखीच बारीक चाले. "लोकांच्या घरी जाऊन बोटं दाखवता," त्या म्हणत, "घरात नळ गळतोय, त्याला दाखवा एकदा." मामा रविवारी बघतो म्हणत. रविवारी कुणीतरी गेलेलं असे.

त्या मामी चार दिवसांच्या तापात गेल्या.

दफनाच्या वेळी मंडळी रांगेने आली आणि वाचायला नेलेलं पुस्तक परत करावं तसं प्रत्येकाने मामांचं वाक्य मामांना परत केलं. बोटासकट. मामा रडले नाहीत. "बघा, याला म्हणतात विश्वास," मागे कुणीतरी म्हणालं.

आठव्या दिवशी ते कामावर आले. तिथे वेगळीच पंचाईत झाली. आपल्या भाषेत वर जाण्याचे दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही आपल्याला माहीत आहेत हे कचेरीला एकाच सकाळी आठवलं. लोक "वर" म्हणेनासे झाले. "चौथा," "पाचवा," असं खालमानेनं पुटपुटू लागले. हेडक्लार्क तर म्हणाले, "मला जरा... त्या बाजूला." एकजण सवयीने "मामा, मलापण न्या वर" असं बोलून गेला, जीभ चावली, आणि पुढे महिनाभर जिन्याने गेला. त्याची प्रकृती सुधारली.

मामांची मात्र बिघडली. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबू लागली. लोक ठेचकाळत, पण बोलत नसत.

अशातच शाळेतल्या एक निवृत्त बाई आल्या. वर्षातून एकदा, आपण जिवंत आहोत हे कागदावर दाखवायला त्यांना तिसऱ्या मजल्यावर यावं लागे. त्या मामांच्याच मंडळीतल्या; तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते. लिफ्टमध्ये दोघंच होते. तिसरा मजला आला आणि बाईंच्या गुडघ्यापाशी थांबला.

"मामा, ही तर पायरी झाली की हो."

"चुकलं, बाई." त्यांनी दांडा पुन्हा लोटला.

"आपल्या मंडळीतल्या सुताराची अक्का गेली आज सकाळी. कळलं ना?"

"पाळकांचा निरोप आलाय. मी नाही जाणार."

"का बरं?"

मामा दाराची जाळी धरून उभे राहिले. "काय सांगू तिथे जाऊन? मी 'वर' म्हणतो आणि डोळ्यांपुढे काय येतं, माहितीये? सहावा मजला. त्याच्यावर मोटरची खोली, तेलाचा डबा, कबुतरांची घाण. इतकी वर्षं बघतोय ना मी. ही तिथे कुठे दिसतच नाही."

"आणि रडलात की नाही?"

"रडतो कसा? मी रडलो, तर इतक्या लोकांना खोटं सांगत आलो असं होईल. सगळं खोटं ठरेल मग. ती तिथे असल्याचंसुद्धा."

बाईंनी कागदांची पिशवी स्टुलावर ठेवली. "मलापण म्हणाला होतात, रडू नका. आठवतंय?"

"सगळ्यांनाच म्हणालो."

"मी ऐकलं. जन्मभर दुसऱ्यांना दटावलं, त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचं ऐकलं. तेव्हापासून डोकं ठणकतंय. डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलून दिला."

मामा हसले नाहीत. पाचव्या मजल्यावरून कुणीतरी घंटा वाजवली.

"प्रभू मित्राच्या थडग्याशी रडला," बाई म्हणाल्या, "हे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलंत ना तुम्ही?"

"शिकवलं."

"आता हाक मारायची आणि तो मेलेला मित्र उठून बाहेर येणार, हे प्रभूला ठाऊक होतं?"

"होतं तर."

"घटकाभरात उठवणार होता, तरी रडला. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचा का?"

घंटा पुन्हा वाजली, लांबलचक. एकोणतीस वर्षांत मामांनी ती पहिल्यांदाच वाजत राहू दिली.

"मग त्या सुताराला मी सांगू काय?"

"ते मला काय विचारता? मी गणित शिकवायचे," बाई म्हणाल्या, आणि जिवंत असल्याची सही करायला निघून गेल्या.

दुपारी मामा रजा टाकून सुताराकडे गेले. सुतार पन्नाशीचा, एकटा जीव. आई लहानपणीच गेली, या थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. अक्काला आतल्या खोलीत ठेवलं होतं, आणि पुढे हा तिच्या पेटीच्या झाकणावर रंधा मारत होता. घोट्यापर्यंत भुसा. पाळक पुस्तक हातात घेऊन दाराशी उभे होते. बसायला रिकामी जागा नव्हती.

"या मामा," सुतार मान वर न करता म्हणाला. "तुमचं ते वाक्य बोलून टाका. मग मी पुढचं काम करतो."

मामांचं बोट सवयीने वर निघालं, ते त्यांनी खाली घेतलं. मग म्हणाले, "आमची ही गेली ना, तेव्हापासून दार उघडलं की मी अजून हाक मारतो. आणि मग आत जाववत नाही."

सुताराचा हात थांबला. "म्हणजे? त्या नाहीत का वर?" तो एकदम घाबरून म्हणाला. "तुम्हीच असं बोलायला लागलात तर..."

"आहे. प्रभूपाशी आहे. मला दिसत नाही, पण आहे, आणि एक दिवस उठणार आहे. तुझी अक्कासुद्धा. ते मी माझ्या मनचं नव्हतो सांगत, ते त्याने सांगितलंय. 'रडू नका' हे मात्र मी माझ्या पदरचं घातलं. ते कुठेच लिहिलेलं नाही. माफ कर बाबा."

सुताराने झाकणावरचा भुसा हाताने झाडला. मग रंधा खाली ठेवून म्हणाला, "ओळखेल का हो मला? एवढा टकला झालोय. तिला आपलं माझं नाक तेवढं माहीत. परवापर्यंत म्हणायची, नाक पूस आधी."

"ओळखेल."

"आणि नाकाचं?"

"तेही सांगेल की. सोडते कशाला?"

सुतार हसायला गेला आणि त्याला हुंदका फुटला. मामांना तेवढंच निमित्त पुरलं. पन्नाशीचा एक आणि साठीकडे झुकलेला एक, असे दोन बाप्ये लहान पोरांसारखे मोठमोठ्याने रडले. पाळकांनी प्रार्थनेसाठी पुस्तक उघडलं, दोघांकडे पाहिलं, पुन्हा मिटलं, आणि फळ्यांच्या ढिगावर बसकण मारली.

नंतर सुताराने बाहीने तोंड पुसून रंधा उचलला. "मामा, ते टोक धरा जरा. हलतंय."

मामांनी धरलं. दोघांचेही डोळे अजून वाहत होते, त्यामुळे झाकणाची एक कड किंचित तिरपी गेली. सुताराने ती अंगठ्याने चाचपली. अक्का असती तर तिने हे पुन्हा करायला लावलं असतं, म्हणाला. भेटली की बोलणी खावी लागतील. आणि कड तशीच ठेवून त्याने खिळे मागितले.