ओलीना या नावाचा अर्थ

सप्टेंबर सरत आला की आमच्या गावावर मक्याच्या वाळल्या पात्यांचा करडा, गोडसर वास तरंगू लागतो. धान्याच्या उंच कोठारांवरून घरंगळणारं मधाळ ऊन त्या धुळीत अडकून राहतं, आणि मिनेसोटातलं हे हजारभर वस्तीचं ओलीना उगाचच तेजस्वी वगैरे दिसू लागतं. एरवी या नावाशी आम्हा चारदोन मराठी घरांना काही कर्तव्य नसतं. भारतात सांगताना आम्ही ‘मिनिआपोलिसजवळ’ म्हणतो. ओलीना हा शब्द पार्सलवाल्यांसाठी राखून ठेवलेला.

त्या नावाकडे प्रथम आदरानं पाहिलं ते भालेराव काकांनी. शेजारच्या निखिलचे हे वडील, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवलेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मुलगा आणि सून दिवसभर मीटिंगांत. काकांना सोबत तेवढी माझ्या संध्याकाळच्या फेरफटक्याची. गावांच्या नावांचे अर्थ एका वहीत टिपणं हा त्यांचा छंद होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओलीनाचा अर्थ विचारला, आणि मी फोन चाळू लागल्यावर म्हणाले, “अरे, इथे राहतोस की नुसता उतरलायस?”

‘मला माहीत नाही’ हे शब्द माझ्या मुखातून निघण्याचा प्रघात नाही. “मूळ रहिवाशांच्या भाषेत, काका, जिथे गवे रडले ती जागा,” मी ठोकून दिलं.

काका चालायचे थांबले. “गवे,” ते हळूच म्हणाले, आणि वही काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, का रडले असतील? मी दुष्काळ घातला. तिसऱ्या दिवशी बर्फ, चौथ्या दिवशी हरवलेलं वासरू. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत उमटणारी करुणा मी रोज रात्रीच्या जेवणावर मित्रांना साभिनय वाढत असे, आणि ते म्हणत, “यार, आज गव्यांचं काय झालं?” इतकं मन लावून मी आयुष्यात कुठलंही काम केलेलं नाही.

गावाच्या जुन्या रेल्वे स्थानकात एका खोलीचं संग्रहालय आहे. महिन्यातून एका रविवारी उघडतं. मीच काकांना तिथे नेलं. इस्त्रीचा सदरा, लोकरी टोपी, पाठ केलेलं इंग्रजी. मित्रांसाठी मी फोनवर चित्रण सुरू केलं. टेबलामागच्या पांढऱ्या केसांच्या आजींना काकांनी गव्यांची कथा सांगितली, दुष्काळापासून वासरापर्यंत, थांबत, शब्द शोधत. आजींनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाल्या, ओलीना ही त्यांच्या आजीची थोरली बहीण. इथल्या पहिल्या स्टेशनमास्तरची मुलगी. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, वयाच्या चौथ्या वर्षी गेली, आणि बापानं तिचं नाव स्थानकाच्या फलकावर रंगवलं.

“गव्यांचं मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “रडली ती माझी पणजी.”

काकांनी टोपी काढली. “सॉरी मॅडम. माय मिस्टेक.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मोटारीतून परतताना दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती, भुंडी आणि पिवळी. काका म्हणाले, “तुलाही ठाऊक नव्हतं ना रे?”

“नाही हो काका. कुठेतरी वाचलं होतं.”

“असतं तसं. छापणाऱ्यांचं काय,” ते म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघत राहिले.

उरलेले दोन महिने त्यांनी मला कशाचंच नाव विचारलं नाही. ना झाडाचं, ना पाखराचं, ना तळ्याचं. आता पाण्याच्या टाकीवर, बर्फ उपसणाऱ्या ट्रकवर, विजेच्या बिलावर ती चार वर्षांची पोर मला दिसते, आणि पार्सलवाल्याला पत्ता सांगताना माझी जीभ किंचित अडखळते.

मित्र म्हणत राहिले, “टाक ना यार तो व्हिडिओ.” बॅटरी गेली होती, असं मी सांगून टाकलं. काका परत गेल्यावर, गेल्या आठवड्यात, मी तो एकट्यानं पाहिला. काका ‘बफेलो क्राइंग’ म्हणतात, आणि फोनच्या अगदी जवळून माझं हसू ऐकू येतं; दाबलेलं, पण स्वच्छ. काकांची मान माझ्याकडे वळते, क्षणभर तिथेच राहते. मग ते पुन्हा आजींकडे पाहतात आणि वाक्य पुरं करतात.

मग मोटारीत त्यांनी मला विचारलं ते नेमकं काय होतं, मला अजून सांगता येत नाही. उत्तर मात्र मी फार चटकन दिलं होतं.