दांड्याची सायकल

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकेल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन्सिल राहिली नाही, विळा आला. पण हे लिहायचंच आहे.

तेव्हा मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तांदूळ चाळायला जायची. आमचं गाव नागऱ्याच्या पुढं. मुकादमाचा टेम्पो बायांना न्यायचा. उशीर त्याचा व्हायचा, अर्धी हजेरी आमची कापली जायची. दोनदा असं झाल्यावर मिलवाल्यानं सांगितलं, पुन्हा उशिरा आलीस तर येऊच नको. मी ठरवलं, सायकल घ्यायची.

पैसे भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, उसने दिले. भासऱ्याशी आमच्यात सून थेट बोलत नाही. ते नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, लेडीज घेजो."

गोंदियाला जुन्या सायकलींच्या दुकानात लेडीज होती. लाल, समोर टोपली. दुकानदार म्हणाला, "बाईजी, यही ले लो, एकदम नई जैसी." मी मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. चाक डुलत ब्रेकला घासत होतं. समोरचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर नव्या रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा हाताला लागला. बाजूला काळी, दांड्याची, मडगार्ड गंजलेली उभी होती. तिचं चाक सरळ फिरलं. किंमतही कमी. लहानपणी बाबांच्या अशाच सायकलीवर मी दांड्याखालून पाय घालून कैंची शिकली होती.

"बाई, ये जेंट्स है," दुकानदार म्हणाला.

"दिसून राहिलं," मी म्हणाली. आवाज इतका हळू, की मलाच नीट ऐकू आला नाही.

काळीच घेतली. घरी उरलेले पैसे मोठ्या जावेजवळ दिले. ओसरीवर भासरे नवऱ्याला म्हणाले, "तिले विचार, दांड्याची काऊन आणली? कासोटा मारून सडकेनं जाईल का? लोकं हासतील."

नवरा दाराकडं वळला. मी दाराआड होती. पदर डोक्यावर ओढला आणि बाहेर आली.

"धानाच्या रोवणीत, चिखलाच्या बांधीत कासोटा मारूनच वाकतो आम्ही. तुम्ही धुऱ्यावर उभे राहून रोपाच्या पेंढ्या फेकता. तवा कोणी हासत नाही. मंग सडकेवरच कायले हासतील?"

भासरे माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिले सांग, मले माझे पैसे वापस पाहिजे."

"पैसे देईन. सायकल नाही देत."

दुसऱ्या दिवशी रोवणीला मारते तसाच घट्ट कासोटा मारला आणि निघाली. नागऱ्याच्या पानठेल्यावरून एक जण ओरडला, "मावशी, पोस्टमन झाली का?" दुसरा म्हणाला, "आमची चिठ्ठी हाये का?" कान तापले. उतरून पायी चालावंसं वाटलं. उतरली नाही. मिलचं फाटक उघडायच्या आधी मी तिथं उभी होती. मुकादमाचा टेम्पो मागून आला.

दर आठवड्याच्या मजुरीच्या चुकाऱ्यातून थोडे पैसे जावेजवळ देत गेली. शेवटचे मात्र स्वतः नेले. हातात द्यायची रीत नाही, म्हणून भासऱ्यांसमोर ओसरीवर ठेवले आणि तिथंच उभी राहिली. त्यांनी मोजले, बंडीच्या खिशात घातले आणि नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, सगळे फिटले."

"ऐकलं मी," मी म्हणाली.