उजवीकडचा बावन्न

“उजवीकडचा बावन्न,” मशीन हातात धरलेले डॉक्टर म्हणाले. त्यांनी तोच आकडा पुन्हा काढला. “बावन्नच.”

आईच्या खालच्या जबड्यात बसवलेल्या दोन इम्प्लांटपैकी एक सैल पडत चालला आहे, हे आम्हाला असे कळले.

आईने हात वर करून थांबायला सांगितले, चूळ भरली आणि विचारले, “शंभरातले ना? मग पास झाला की.”

“मावशी, इथे पासिंग पासष्टला आहे.”

साल दोन हजार सात. दवाखाना भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या एका गल्लीत. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी झाले ते क्रमाने सांगते.

आईचे खालचे सगळे दात गेले होते. कवळी होती, पण झिजून सपाट झालेल्या हाडावर ती टिकत नव्हती. बोलताना उचलली जायची, जेवताना वाजायची. आई आधी स्वयंपाकघरात एकटी जेवू लागली, मग कमी जेवू लागली. लग्नकार्याला जाणे तिने बंद केले. वजन उतरले तेव्हा रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तात काही नव्हते. ती फक्त पेजेवर जगत होती.

उपाय असा सांगितला गेला: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवायचे आणि त्यावर कवळी बटणासारखी अडकवायची. आईने एकच अट घातली. “एकदाच. हे निघालं तर परत माझ्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही.” आईला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की ही धमकी नसते.

इम्प्लांट बसवल्यावर लगेच कवळी अडकवत नाहीत. हाड त्या स्क्रूला धरेपर्यंत थांबावे लागते. या धरण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. ते किती झाले हे डोळ्यांना दिसत नाही आणि एक्स-रेमध्येही नीट कळत नाही. त्यासाठी रेझोनन्स फ्रिक्वेन्सी अ‍ॅनालिसिस नावाची चाचणी आहे. इम्प्लांटवर लोहचुंबक असलेली छोटी खुंटी हाताने घट्ट करतात. मशीनची दांडी तिच्याजवळ, पण न टेकवता, धरतात. चुंबकाच्या झटक्यांनी खुंटी थरथरते. हाडाची पकड जितकी पक्की तितकी थरथर जलद. तिचे रूपांतर एक ते शंभरमधल्या आकड्यात होते. हा आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट किती स्थिर आहे त्याचा अंक. तो दोन दिशांनी घेतात, गालाकडून आणि जबड्याच्या रेषेत. दुखत नाही.

दुखते ते वाट पाहणे. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम गुजराती, शांत स्वभावाच्या. त्यांच्याकडे मशीन नव्हते. इम्प्लांटचे डॉक्टर एका आड एक शनिवारी ते बॅगेतून घेऊन येत. एकदा डॉक्टर आले आणि मशीन विरारच्या दवाखान्यात राहिले होते. एकदा मशीन आले तर त्याचे चार्जिंग संपलेले आणि केबिन रोडची वीज गेलेली. दोन्ही वेळा आम्हाला “बसा जरा” असे सांगण्यात आले आणि आम्ही बराच वेळ बसलो.

बसवतानाचे आकडे दोन्हीकडे पासष्टच्या पुढे होते. नंतर डावा एकसष्टवर आला आणि उजवा बावन्नवर. डॉक्टरांनी सांगितले की डावीकडची घसरण अपेक्षित आहे. जुने हाड पकड सोडते, नवे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आकडा आधी उतरतो आणि मग चढतो. उजवा मात्र फार उतरला होता. खुंटी सैल बसली असेल म्हणून ती काढून दुसरी लावली. आकडा तोच आला.

मॅडमनी पुन्हा सगळे विचारले. मधुमेह? नाही. हाडांची औषधे? नाही. सिगारेट, तंबाखू, गुटखा? “छे,” आई म्हणाली. हा प्रश्न तिला तिसऱ्यांदा विचारला गेला होता आणि तिसऱ्यांदा तिला त्याचा राग आला होता.

डॉक्टरांच्या पुढच्या शनिवारी बाकावर आईशेजारी उत्तनची एक कोळीण बसली होती. दाढ काढायला आलेली. दोघींच्या गप्पा जमल्या. तिने कमरेची डबी काढून आईपुढे धरली. “घे गो, घरची हाय.” आईने चिमूटभर काळी पूड बोटावर घेतली, हिरड्यांवरून फिरवली आणि उरलेली उजव्या गालात ठेवली. तेवढ्यात मॅडमनी दार उघडले.

“मावशी, ये क्या है?”

“मशेरी.”

“मशेरी में क्या होता है?”

“तंबाखू,” आई शांतपणे म्हणाली. “तव्यावर भाजायची आणि कुटायची.”

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. “मैंने तीन बार पूछा था!”

“तंबाखू वेगळी. ती व्यसनाची. ही दात घासायची.”

“आई, खालचे दात कुठे आहेत तुला?” मी विचारले.

“हिरड्या आहेत ना!”

रत्नागिरीकडच्या आमच्या घरांत बायका लहानपणापासून मशेरी लावतात. आमच्या घरातही ती रोज लागत होती आणि तंबाखूबद्दल विचारल्यावर ती कुणालाच आठवली नव्हती. त्यात आणखी एक भर. ऑपरेशननंतर मॅडमनी बजावले होते की जखमेवर काही दिवस ब्रश लावायचा नाही. आईने तो अजिबात लावला नव्हता. ब्रश बंद, तेव्हा तोंड स्वच्छ राहावे म्हणून ती मशेरी दोनदा लावत होती. बोटाने, दाबून.

इम्प्लांटचे डॉक्टर आल्यावर हे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी आईचा उजवा गाल बाजूला करून आत पाहिले. मग म्हणाले, “तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. हाड भरायला रक्त लागतं. तुम्ही चिमूट बरोबर उजव्या स्क्रूच्या शेजारी ठेवताय.” त्यांनी मशीन लावले. पन्नास.

“इम्प्लांट हलत नाही, म्हणून आज काढत नाही,” ते म्हणाले. “पण पुढच्या वेळी याच्या खाली गेला तर काढावा लागेल. मशेरी आजपासून बंद. पूर्ण बंद.”

“आणि मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट कसं साफ होणार माझं?” आईने विचारले.

त्यानंतरचे दिवस घरात कुणालाच सोपे गेले नाहीत. आईचे डोके दुखायचे. पोटाची तक्रार खरी होती, आणि ती सगळ्यांना ऐकवली जायची. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरच्या भाभी, सगळ्यांशी तिचे हिंदीतून भांडण झाले. “एवढासा खिळा माझ्या तोंडात, आणि हुकूम मला सोडतोय,” ती म्हणायची. एका सकाळी मी तिला डबी उघडून नुसता वास घेताना पाहिले. तिने मला पाहिले. डबी बंद करून तिने ती भाभींच्या मोलकरणीला देऊन टाकली.

ठरलेल्या शनिवारी डॉक्टर आलेच नाहीत. दवाखान्यात दीड तास बसल्यावर हे कळले. आई उठली आणि रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाली, “त्यांना सांग, मी माझं काम केलंय. आता त्यांनी यावं.”

ते आले तेव्हा उजवीकडचा आकडा सत्तावन्न होता. पुढच्या खेपेला बासष्ट. शेवटच्या मोजणीला आईने आधीच सांगून ठेवले की आकडा आधी तिला सांगायचा, मग मला. गालाकडून सदुसष्ट आला, जबड्याच्या रेषेत अडुसष्ट. डावा सत्तर. डॉक्टरांनी आकडे आधी आईला सांगितले. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडे ठेवले, काम पुढे चालू करा म्हणून.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आकडा दर वेळी विचारून घ्यावा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, तो चढतोय की उतरतोय याला असतो. आणि दिवसभरात तोंडात जे जे जाते ते सगळे डॉक्टरांना सांगावे, त्यांनी विचारले नसले तरी. मॅडम आता प्रत्येक पेशंटला विचारतात, “सुबह उठने के बाद मुंह में क्या क्या जाता है?” आमच्यावर न चिडता त्यांनी तीन महिने आम्हाला सांभाळून घेतले. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

कवळी अडकवल्यावर मामेबहिणीच्या साखरपुड्याला आई पहिल्या पंगतीत बसली आणि पान संपेपर्यंत कुणाशी बोलली नाही. नंतरच्या तपासणीला मॅडमनी तिला विचारले, “मावशी, मशेरी याद आती है?”

“रोज,” आई म्हणाली. “जेवताना तेवढी नाही येत.”