जुनी चिप की नवी

अर्धांगवायूनंतर माझ्या वडिलांना, अण्णांना, आम्ही कोकणातून सिल्वासाला टोकरखाड्याच्या घरी आणलं. त्यांना सगळं समजायचं, पण बोलता येत नव्हतं. उजवा हात गेलेला, डाव्याची बोटं जेमतेम हलायची. काही हवं असलं की ते नुसते बघायचे आणि आम्ही पाणी, औषध, चादर असं एकेक विचारत बसायचो. चुकलं की डोळे मिटून घ्यायचे.

दादाने आखातातून आणलेला छोटा कॉम्प्युटर घरात होता, टीव्हीला जोडायचा. मी शाळेत गणित शिकवायचे. त्यावर 'बेसिक' ही प्रोग्रॅमची भाषा थोडीफार शिकले होते. एका मासिकातला नमुना बघून प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर एकेक अक्षर येणार, हवं ते आलं की अण्णांनी कुठलीही कळ दाबायची. चालू केला, तर कोणी हात न लावताच पडदा A ने भरून गेला.

"कळ अडकली असेल," हे म्हणाले. हे आमलीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. त्यांनी मशीन उघडून कळा साफ केल्या. तरी तेच. मग भिंगातून मोठ्या चिपवरचा नंबर वाचला आणि मासिकातल्या फोटोशी ताडून बघितला.

"अगं, शेवटचा आकडा वेगळाय. ही नंतर काढलेली चिप दिसते."

"मग कळ न दाबता ही काय सांगते ते तिलाच विचारू," मी म्हटलं आणि एका ओळीचा प्रोग्रॅम टाकला.

कळ दाबलेली नसली की चिप २५५ हा आकडा देते, असं मासिकवाल्यांनी धरलं होतं. आमच्या टीव्हीवर १९१ उमटलं. २५५ नाही म्हणजे कळ दाबलेली आहे, असं माझा प्रोग्रॅम समजत होता. मी आकडा बदलला. अक्षरं शहाण्यासारखी एकामागून एक यायला लागली.

सकाळी अण्णांना खुर्चीत बसवलं. बऱ्याच वेळाने P आलं, मग A.

"पाणी हवंय का, अण्णा?"

त्यांनी डोळे मिटले.

"पुरं तरी करू दे त्यांना," हे म्हणाले.

N, K, H, A. पंखा! त्यांना उकडत असेल म्हणून आम्ही तो रात्रंदिवस जोरात ठेवला होता. मी धावत जाऊन बंद केला. अण्णांच्या हातावर काटा आलेला होता. त्यांना शाल पांघरवताना मला रडू आवरेना.

पुढे त्यांची जीभ थोडी सुटली, अर्धेमुर्धे शब्द कळू लागले. तरी माझ्याशी वाद घालायचा असला की ते टीव्हीकडे बोट दाखवायचे. तिथे त्यांचं पुरं होईपर्यंत मध्येच बोलायची मला बंदी होती.