एकोणीस नंबरची पाटी

लेझरने अक्षर कापून झालं तरी ते लगेच सुटत नाही. यंत्र थांबतं, जळक्या अ‍ॅक्रिलिकचा वास येतो आणि शीट अखंडच दिसते. बोटाने अक्षर उचललं की कळतं, ते केव्हाच वेगळं झालेलं आहे.

घराला नुकताच रंग दिला होता. नवी पाटी करायची होती. वर घराचा नंबर एकोणीस, खाली माझं आणि धाकट्या भावाचं नाव, जुन्या पाटीवर होतं तसं. सकाळी निघताना भाऊ म्हणाला, "दादा, घाई काय आहे? पुढच्या आठवड्यात बघू." मी तरीही गेलो.

पत्ता ऐकून दुकानदार हसला. "अहो, तुमची पाटी कालच कापली की! भाऊ येऊन गेले तुमचे. तयार झाली की घरी फोन करतो म्हटलं, तर म्हणाले, फोन नको, मीच येईन."

त्याने पाटी पुढ्यात ठेवली. नंबर एकोणीस होता. खाली एकच नाव होतं, भावाचं.

"दुसरं नाव राहिलं का?"

"नाही साहेब. खाली जागा सोडू का, विचारलं होतं मी. गरज नाही म्हणाले." तो पाटी कागदात गुंडाळू लागला. "नेताय ना?"

"नको. त्यालाच येऊ द्या."

घरी पोचलो तेव्हा भाऊ चहा गाळत होता. "आलास, दादा? झालं का काम?" असं म्हणत त्याने कप पुढे केला. मी तो घेतला. दारातून कुणी पाहिलं असतं, तर त्याला सगळं अखंडच दिसलं असतं.