डावा हात टेबलावर

गणितात मी कधी मार खाल्ला नाही, पण इंग्रजीत पस्तीस मिळवताना दोनदा आपटलो. लग्न झालं तेव्हा मी दहावी नापासच होतो आणि कापडाच्या लूमवर कामाला जात होतो. भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोदामात क्लार्कची जागा निघाली होती. शेटनी स्पष्ट सांगितलं, ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झालास तर ये, त्यापुढे मी थांबणार नाही.

माझं घोडं अडायचं प्रीपोझिशनपाशी. मी हिशेबी माणूस. ‘वर’ म्हणजे ऑन, ‘आत’ म्हणजे इन, असा तक्ता केला. तो दर दोन वाक्यांनी खोटा पडायचा. बायको दहावी पास, ती शिकवायला बसली. पण आमच्या भिंतीपलीकडे लूम चालायचे; शेजारी बसून बोललेलंही ऐकू यायचं नाही. त्या गल्लीत सगळेच हातांनी बोलायचे. तिनेही तसंच शिकवलं. मुठीवर तळवा म्हणजे ऑन, मुठीखाली अंडर, बोटांमधून बोट गेलं की थ्रू. ज्यांना आकार नाही त्यांनाही तिने खुणा दिल्या. ‘अफ्रेड ऑफ’ला कानाची पाळी धरायची. हळूहळू माझे हात चुकेनासे झाले.

पेपरात रिकाम्या जागा आल्या. पहिल्या तीन झाल्या. चौथीला मी कानाची पाळी धरली, तोच सुपरवायझर अंगावर आले.

“काय रे, कोणाला इशारे करतोस?”

“कोणाला नाही सर. मला असंच आठवतं.”

“वा! भिवंडीत कॉपीचा नवीन माल निघाला!” मागे कोणीतरी फिसकन हसलं. “ऊठ, पुढे बस. डावा हात टेबलावर पसर. हलला तर पेपर घेईन.”

मी हात पसरून बसलो. मनातल्या मनात खुणा करून पाहिल्या. हात दिसायचे, शब्द येईना. शेवटी तक्त्यातलेच शब्द टाकत गेलो, आणि टाकतानाच कळत होतं की चुकतंय. निबंध अर्धा राहिला.

फाटकाबाहेर बायको उभी होती. तिने प्रश्नपत्रिका घेतली आणि एकेका जागेवर बोट ठेवून विचारू लागली. मी खुणा करत बरोबर सांगत गेलो. पाच-सहा झाल्यावर तिने विचारणं थांबवलं.

“अहो, हे सगळं येत होतं तुम्हाला.”

मी काय झालं ते सांगितलं. ती परत फाटकाकडे निघाली. वॉचमनने आत सोडलं नाही. आम्ही धामणकर नाक्यापर्यंत चालत आलो. रिक्षात बसताना ती म्हणाली, “शेटना उद्याच सांगून टाका, दुसरा माणूस बघा म्हणून.”