लाडकुंवरने पोचवलेला निरोप

१ जुलै १९६७ रोजी धरणगावात धापूबाईंच्या हातावर बालवाडीचा पहिला पगार पडला: पंचवीस रुपये पन्नास पैसे. देणारे मदनलालशेट हे त्यांचे जेठ, म्हणजे मयत नवऱ्याचे थोरले भाऊ. दुकानामागची गुळाची खोली त्यांनीच बालवाडीला दिली होती, आणि ते रोज एकदा तसे ऐकवतही.

त्यांच्या मारवाडी घरात भावजय जेठांशी थेट बोलत नसे. धापूबाई पदर नाकापर्यंत ओढत आणि शेटांची पाच वर्षांची नात लाडकुंवर हिला मध्ये बसवून भांडत.

भांडण एकच. धापूबाई पोरांशी बोबडे बोलत नसत. कोणी 'भूभू' म्हटले की म्हणायच्या, "कुत्रा म्हण." मग तो भुंकतो कसा, गुरगुरतो कसा, केकाटतो कसा, हे स्वतः आवाज काढून दाखवायच्या. रडणाऱ्याला विचारायच्या, "रुसलास, घाबरलास, की ओशाळलास?"

"पाढे शिकवा," शेट भिंतीकडे बघून म्हणत. "ओशाळून कोणाचं पोट भरलंय?"

"लाडे, दादाजींना सांग, ओशाळणं ठाऊक नसलेला पाढे शिकून मापात पापच करेल."

लाडकुंवर शब्दन्‌शब्द सांगे.

गावही बाईंच्या बाजूचे नव्हते. निंबा हमाल दारातूनच ओरडला, "बाई, मन्ही पोर माले म्हनस, 'आबा, गुरगुरू नको!' हाई शिकाडतस का?"

"मग गुरगुरू नका," बाई म्हणाल्या. निंबाने पोरीचे दंड धरले आणि तिला उचलून नेले.

फेब्रुवारीत शेटांच्या धाकट्या मुलाची सगाई ठरली. साक्रीहून व्याही प्रकाशचंद माणसे घेऊन आले. प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन जिलब्या पडल्या. प्रकाशचंदांनी ताटाकडे पाहिले आणि अदबीने म्हटले, "शेटजी मोठे काटकसरी."

पडद्याआड धापूबाई फिस्कारल्या, "कसले काटकसरी! स्वतः कमी खातो तो काटकसरी. दुसऱ्याच्या ताटात कमी वाढतो तो चिकट."

मांडीवर लाडकुंवर होती. बाई पदराआडून बोलल्या की निरोप न्यायचा, एवढे तिला पाठ. ती उठली, बैठकीत दादाजींसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात सगळे सांगून मोकळी झाली. वर पदरचे जोडले, "आणि दादाजींनी आत चार खाल्ल्या."

सगाई मोडली नाही, पण ताटांतल्या जिलब्या ताटांतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. बाई दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. शेट सवयीने म्हणाले, "लाडे, सांग तिला..." पण लाडकुंवरला घरात कोंडले होते. मध्ये कोणीच नव्हते.

धापूबाईंनी भर बाजारात पदर कपाळावर सारला. "मलाच सांगा."

"बेशरम!"

"बेशरम नाही, मी संतापले आहे. तुम्ही ओशाळला आहात. एवढा फरक तुमच्या नातीला कळतो."

"पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस."

त्यांनी ठेवला नाही. स्वतःच्या ओट्यावर चार पोरे घेऊन त्या १९७६ पर्यंत शिकवत राहिल्या. त्यांत लाडकुंवर कधी नव्हती. तिला त्या गल्लीतून जायचीही बंदी होती.

फेब्रुवारी १९६८ च्या अर्ध्या महिन्याचे बारा रुपये पंच्याहत्तर पैसे मदनलालशेटांकडून अजून येणे आहेत.